गॅलिलिओ आणि चंद्रावरचे डोंगर

सेमिनरीत आम्ही अभ्यासलेल्या अरिस्टॉटलच्या मते आकाशातील गोल निर्दोष होते. इटलीतील पिसा येथे १५६४ साली जन्मलेल्या गॅलिलिओंनी १६०९ मध्ये स्वतः बनवलेली दुर्बीण चंद्राकडे वळवली. अंधाऱ्या भागात त्यांना उजळ ठिपके दिसले. पहाटे डोंगरमाथे आधी उजळतात, तसेच ते होते. म्हणजे चंद्रावरही डोंगर होते!

पृथ्वी फिरते, या मताबद्दल १६३३ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना दोषी ठरवले. आर्चेत्री येथील घरी नजरकैदेत असतानाही त्यांनी चंद्र पाहणे सोडले नाही. चंद्र किंचित डुलतो, हे १६३७ मध्ये त्यांनी ओळखले. लवकरच त्यांची दृष्टी गेली. १६४२ मध्ये ते निवर्तले.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये त्या काळच्या ईशज्ञानपंडितांची चूक मान्य केली. देवाची निर्मिती आहे तशी पाहायला आपण का घाबरावे?