श्रीज्ञानदेव आणि सापशिडीचा पट

गेल्या पावसाळ्यातील एका दुपारी शाळेच्या पडवीत काही मुले सापशिडी खेळत बसली होती. बाहेर सुरूच्या झाडांतून वारा घोंघावत होता आणि नरपडच्या समुद्राची गाज पडवीपर्यंत ऐकू येत होती. त्यांतील एक लहानगा जिंकण्याच्या अगदी बेतात आला असता शेवटच्या सापाच्या तोंडी सापडला आणि तळाच्या ओळीत येऊन पडला. डोळे पुसत त्याने आम्हांस विचारले की, पटावर हे साप घातले तरी कोणी? त्या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता आम्ही एका थोर पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन पोचलो. तेच चरित्र आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या मातापित्यांपुढे ठेवीत आहोत.

गोदावरीतीरी पैठणजवळ आपेगाव नावाचे गाव आहे. तेथील विठ्ठलपंत हे मूळचे विरक्त वृत्तीचे गृहस्थ. आळंदीच्या रुक्मिणीबाईंशी त्यांचा विवाह झाला. परंतु संसारात मन न रमल्यामुळे त्यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. आपण विवाहित आहो ही गोष्ट त्यांनी गुरूंपासून लपविली होती. पुढे ती उघडकीस येताच गुरूंनी त्यांस घरी परत पाठविले. संन्यासी पुन्हा गृहस्थ झाला, हे त्या काळच्या समाजास सहन झाले नाही. त्या कुटुंबास वाळीत टाकण्यात आले. अशा घरी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता ही चार भावंडे जन्मास आली. ज्ञानदेवांचा जन्म १२७५ सालचा मानतात.

मुलांच्या मुंजी व्हाव्यात म्हणून विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदाची पुष्कळ विनवणी केली. देहान्त प्रायश्चित्तावाचून ह्या पापाला दुसरा उपाय नाही, असा निर्णय मिळाला. आणि आईबापांनी मुलांसाठी नदीत देह ठेवला, असे परंपरा सांगते. तरीही मुलांना कोणी पंक्तीस घेतले नाही. दोष बापाचा म्हणावा, तर बापाने त्याची किंमत प्राणाने दिली होती. आणि ह्या लेकरांचा तर काहीच दोष नव्हता. खेळ सुरू होण्यापूर्वीच ज्यांच्या पटावर साप मांडून ठेवलेले असतात, अशी मुले सर्व काळी असतात. आमच्या शाळेत पाड्यापाड्यांवरून, घरातील पहिलेच पाटीपुस्तक हाती घेऊन येणाऱ्या मुलांकडे पाहताना आम्हांस ह्या चार भावंडांची आठवण होते.

ज्ञानदेवही माणूसच होते. एकदा लोकांच्या टाकून बोलण्याने त्यांचे मन इतके विटले की, ते झोपडीची ताटी लावून आत बसून राहिले. तेव्हा धाकटी बहीण मुक्ता दाराशी उभी राहिली आणि ताटी उघडण्याविषयी तिने त्यांस आळवले. तिची ती विनवणी ताटीचे अभंग म्हणून प्रसिद्ध आहे. जगाला राग आला असता आपण शांत राहावे, हा तिचा आशय. अखेर ताटी उघडली. ती उघडली नसती, तर महाराष्ट्राचे केवढे नुकसान झाले असते! कारण पुढे नेवासे येथे १२९० साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, ज्ञानदेवांनी भगवद्गीतेवरील आपली टीका पूर्ण केली. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ भावार्थदीपिका अथवा ज्ञानेश्वरी ह्या नावाने आपण ओळखतो. ज्या ज्ञानाचे दार संस्कृत न येणाऱ्यांस बंद होते, ते त्यांनी मराठीत उघडून दिले.

योगी चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन त्यांच्या भेटीस आले, तेव्हा ही भावंडे बसली होती ती भिंतच पुढे चालत गेली, अशी कथा आहे. कथेचा अक्षरार्थ कोणी कसाही घेवो. वाघ आणि सर्प वश करण्याच्या सामर्थ्याहून नम्रता मोठी, हे तिचे मर्म आहे. चांगदेवांच्या कोऱ्या पत्रास ज्ञानदेवांनी दिलेले पासष्ट ओव्यांचे उत्तर आजही वाचले जाते. पुढे नामदेवादी संतांसह त्यांनी तीर्थयात्रा केली आणि १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे समाधी घेतली. त्या वेळी त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते.

आता त्या लहानग्याच्या प्रश्नाकडे वळू. सापशिडीचा मूळ खेळ मोक्षपट हा होय, आणि तो ज्ञानदेवांनी रचिला असे महाराष्ट्रात परंपरेने मानितात. ह्यास त्यांच्या काळचा लेखी पुरावा नाही. जे जुने पट आज पाहावयास मिळतात ते बहुतेक अठराव्या शतकातील व त्यानंतरचे आहेत. कोठे बहात्तर घरे, कोठे चौऱ्यांशी, कोठे शंभर अथवा त्याहूनही अधिक. कवड्या टाकून खेळावयाचे. शिडी म्हणजे दान, श्रद्धा, भक्ती ह्यांसारखा सद्गुण; साप म्हणजे क्रोध, अहंकार, चोरी ह्यांसारखा दुर्गुण. पुष्कळ पटांवर शिड्यांहून साप अधिक असत. कारण चढण्याची वाट अवघड आणि पडण्याच्या वाटा अनेक, हेच मुलांस शिकवावयाचे होते.

हा खेळ १८९० नंतरच्या दशकात विलायतेत छापला जाऊ लागला. तेथे काटकसर, उद्योग, पश्चात्ताप असे गुण शिड्यांवर आले. आणि हळूहळू साप व शिड्या सारख्या संख्येने मांडण्याची रीत पडली. पुढे गुणदुर्गुणांची नावेही गेली. अमेरिकेत १९४३ साली जी आवृत्ती निघाली तीत, मुले भितात म्हणून सापच काढून टाकून त्यांच्या जागी घसरगुंड्या घातल्या. अशा रीतीने प्रत्येक आवृत्तीत सापाचे विष थोडे थोडे उतरत गेले.

ह्याच्या उलटही घडते. अमेरिकेतच १९७४ साली निघालेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स नामक खेळात खेळणारे कल्पित राक्षसांशी झुंजतात. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा त्यातील पंखधारी महासर्पांचे बळ पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढविण्यात आले. ज्यांच्या नावावर खेळ चालतो, तेच दुबळे असून कसे चालेल? शत्रू फार प्रबळ केला तर खेळणारा निराश होतो. फार दुबळा केला तर जिंकण्यात गोडी उरत नाही. खेळ रचणाऱ्यांस हे माप पुनःपुन्हा जुळवावे लागते.

आम्हां शिक्षकांची आणि मातापित्यांची अडचण हीच नव्हे काय? मुलाच्या वाटेतील प्रत्येक साप आपण उचलून फेकला, तर त्याचे पाय बळकट कसे होणार? आणि नापास झालेल्या मुलास घरीदारी बोल लावून आणखी चार साप त्याच्या पटावर काढले, तर ते ताटी लावून बसेल. अशा वेळी दाराशी मुक्ताईने उभे राहावे लागते.

ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेवांनी जे मागणे मागितले, त्याकडे आम्ही सर्वांचे लक्ष वेधतो. ज्यांस दुष्टांनी इतके छळिले, त्यांनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावो आणि सर्व जीवांचे परस्परांशी मैत्र जडो, एवढेच मागितले. पटावरील साप कमी करणे वा वाढविणे खेळ छापणाऱ्यांच्या हाती आहे. सापाचे विष उतरावे अशी इच्छा धरणे मात्र आपणां प्रत्येकाच्या हाती आहे.

तो लहानगा त्या दिवशी हरला. पण फासा खाली न ठेवता तो पहिल्या ओळीतून पुन्हा निघाला, हे आम्ही स्वतः पाहिले. आणि त्याचे आम्हांस फार समाधान वाटले.