केरीसाहेबांचा एक दिवस

इंग्लंड देशातील नॉर्थॅम्प्टन परगण्यात पॉलर्सपरी नावाचे एक खेडे आहे. तेथे ता. १७ आगस्ट १७६१ रोजी विल्यम केरी ह्यांचा जन्म झाला. बाप हातमागावर विणणारा. पुढे तो गावच्या शाळेचा पंतोजी झाला. मुलास शेतकामास लावून पाहिले, परंतु उन्हाने त्याच्या अंगावर विकार होई. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली उमेदवारीस ठेविले.

त्या कारागिराच्या घरी नव्या करारावरील टीकेचे एक पुस्तक होते, व त्यात मधून मधून ग्रीक शब्द छापलेले होते. मुलास ते वाचता येईनात. तेव्हा ती अक्षरे जशीच्या तशी कागदावर उतरून घ्यावी, आणि आपल्या गावी गेल्यावर तेथील एका शिकलेल्या कोष्ट्यास दाखवून अर्थ विचारून यावे, असा क्रम त्याने धरिला. ग्रीक भाषेचा आरंभ असा झाला. पुढे लॅटिन, हिब्रू, डच व फ्रेंच ह्या भाषाही त्यांनी पोटाचा धंदा सांभाळूनच मिळविल्या. त्यांची बुद्धी अलौकिक होती असे पुष्कळ लोक म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही, आणि खुद्द केरीसाहेबांसही वाटत नसे. हाती घेतलेले काम नेटाने रेटीत नेता येते, एवढाच एक गुण ते आपल्या पदरी मानीत.

१७९२ साली केटरिंग गावी थोड्या पाळकांनी मिळून मिशनरी सोसायटी स्थापिली. तीत पहिली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स एवढीच जमली. १७९३ च्या जून महिन्यात केरीसाहेब सहकुटुंब निघाले, ते नोव्हेंबरात बंगाल्यात पोहोचले. पोटासाठी त्यांनी मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीचे काम पत्करिले. तेथे १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्या लेकराची कबर खणावयास माणूस मिळण्याचीदेखील पंचाईत पडली. त्यांची पत्नी डॉरथी ही मुळात येण्यास राजीच नव्हती. बहीण सोबत येते म्हटल्यावर ती निघाली होती. ह्या दुःखानंतर तिचे चित्त भ्रमिष्ट झाले, ते १८०७ साली तिचा अंत होईपर्यंत सुधारले नाही. पतीच्या कीर्तीची किंमत ह्या बाईने किती दिली, हे आम्ही वाचकांपासून झाकून ठेवू इच्छीत नाही.

शेजारच्या खोलीत ती ओरडत असताना केरीसाहेब भाषांतर करीत बसत. सात वर्षे गेली, तरी एकाही बंगाली मनुष्याने बाप्तिस्मा घेतला नाही. १८०० साली ते हुगळीकाठच्या श्रीरामपुरास राहावयास आले (हे आपल्या प्रवरेकडील श्रीरामपूर नव्हे), आणि त्याच वर्षी ता. २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा त्या नदीत झाला. पुढल्या वर्षी बंगाली नवा करार छापून निघाला. तेव्हापासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते शिकवू लागले. पगार सारा मिशनच्या सामाईक पेटीत जाई.

आता १८०६ सालच्या जून महिन्याच्या १२ व्या तारखेकडे पाहू. पत्रे लिहिण्यास वेळ का होत नाही हे एका मित्रास कळविताना त्यांनी त्या दिवसाचा हिशेबच लिहून पाठविला. पावणेसहास उठणे, हिब्रू शास्त्रातील एक अध्याय, सातपर्यंत एकांतातील प्रार्थना. मग चाकरांसह बंगालीत कौटुंबिक उपासना. चहा होईपर्यंत मुनशीबरोबर थोडे फारसी, न्याहारीपूर्वी थोडे हिंदुस्थानी. न्याहारीनंतर दहापर्यंत पंडितासह रामायणाचे भाषांतर. नंतर कॉलेजात एक-दोनपर्यंत शिकविणे. परत येऊन यिर्मयाच्या बंगाली भाषांतराचा छापा तपासणे. जेवणानंतर सहापर्यंत मत्तयाचा आठवा अध्याय संस्कृतात. मग तेलुगू पंडिताजवळ धडा. साडेसातास इंग्रजीत उपदेश, श्रोते चाळीसएक. नऊपासून अकरापर्यंत यहेज्केलाचे बंगाली, आणि निजण्यापूर्वी ग्रीक नव्या करारातील एक अध्याय. ह्यात कोणताही एक भाग फार मोठा नाही, हे वाचकांनी पाहावे. एक अध्याय, एक छापील कागद, एक धडा. उद्या पुन्हा तेच.

ह्याच रीतीने आपल्या मराठीचाही प्रसंग आला. वैजनाथ पंडितांच्या साह्याने १८०५ साली मराठी व्याकरण निघाले, १८१० साली मोडी अक्षरांत छापलेला कोश, व १८११ साली नवा करार. बंगाल्यात बसून केलेले ते मराठी भाषांतर फार दिवस टिकले नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली आपला स्वतंत्र नवा करार काढिला. एकाच वेळी इतक्या भाषांना हात घालण्यात केरीसाहेबांची चूक झाली असे आमचे मत आहे. तरी मराठीस छापील व्याकरण व कोश अशा प्रकारे मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

ता. ११ मार्च १८१२ च्या सायंकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. केरीसाहेब कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमनसाहेबांनी येऊन वर्तमान सांगितले. कागदांचे ढीग जळाले, टाइप वितळले. अनेक भाषांचे शब्द एकत्र मांडलेला मोठा कोश हस्तलिखित होता, तो गेला. तेलुगू व पंजाबी व्याकरणांचीही तीच गत झाली. राखेतून पोलादी ठसे मात्र शाबूत निघाले. वितळलेला धातू गोळा करून नवे टाइप ओतावयास लागले, व थोड्याच महिन्यांत छापखाना पुन्हा चालू झाला. केरीसाहेब तेव्हा पन्नाशीचे होते. त्यांनी पंडितांस बोलाविले आणि पहिल्या पानापासून आरंभ केला. पंजाबी व्याकरण त्याच वर्षी निघाले, तेलुगू १८१४ साली. तो मोठा कोश मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

बंगाली शास्त्राची शेवटची सुधारणा त्यांनी १८३२ साली पुरी केली. मग शक्ती क्षीण होत गेली, आणि ता. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरास त्यांनी देह ठेविला. त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते की, दुसऱ्या पत्नीशेजारी आपणास पुरावे, आणि तिच्याच थडग्याच्या दगडावर आपले नाव, जन्ममरणाच्या तारखा व स्तोत्राच्या दोन ओळी कोराव्या. ह्याहून अधिक काही नको.