आनंदीबाईंचा अर्ज

बारावीचा निकाल लागला, की परभणी, सेलू, गंगाखेडच्या घराघरांत अर्ज भरायची गडबड उडते. हाच अभ्यासक्रम का, हेच कॉलेज का, असंही काही ठिकाणी लिहून मागतात. मग लेक कोऱ्या कागदापुढे बसून राहते. अशा वेळी तिला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगावी.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण. बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे १८८३ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. पती गोपाळराव इकडेच राहिले. तिथून त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं.

पत्रात बढाई नव्हती. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसत नाही, हे त्यांनी सरळ कबूल केलं. मग कारण सांगितलं : आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून इथवर आले, हेही लिहिलं.

प्रवेश मिळाला. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पण क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊनच त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

मैत्रिणींनो, लेकीला एवढंच सांगा : मोठाले शब्द राहू देत. कुणासाठी शिकायचंय ते लिही, आणि जे उणं आहे ते लपवू नकोस.