लक्ष्मणराव आणि माझा जाम झालेला ब्रेक

या लेखाची सुरुवात एका फुटलेल्या ब्रेक-प्लेटपासून होते, आणि ती फोडणारा मीच, हे आधी कबूल केलेलं बरं.

कुडव्याला आम्ही चौघं ज्या खोलीत भाड्याने राहतो, तिच्या मागच्या सांदीत एक जुनी राजदूत पडून होती. आमच्या एका सिनिअरने कधीकाळी तिचे मडगार्ड कापून, रुंद हॅन्डल आणि बटणवाले टायर चढवून तिची मोटोक्रॉसची गाडी केली होती. तो पास होऊन गेला, गाडी राहिली. गोंदियाचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. असे दोन पावसाळे तिने उघड्यावर काढले, कारण तिच्यावर साधी ताडपत्री टाकायचंही आमच्या डोक्यात आलं नाही. गॅदरिंगच्या आधी तिला रस्त्यावर आणायचं ठरलं. इंजिन अर्ध्या दिवसात बोललं. मागचा ब्रेक मात्र ढिम्म! पेडलवर उभं राहिलं तर जेमतेम हलायचं, आणि हललं की वर यायचं नाव नाही.

ज्यांनी कधी ड्रम उघडला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत दोन शूज असतात आणि त्यांच्या टोकांमध्ये एक कॅम. पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, बाहेरची लिव्हर फिरते, कॅम फिरतो आणि शूज फाकून ड्रमला घासतात. कॅमची दांडी पोलादाची, आणि ती फिरते ॲल्युमिनियमच्या प्लेटमधल्या भोकात. पाणी शिरलं, ग्रीस वाळलं, गंज फुगला, आणि दांडी त्या भोकात अशी बसली की जणू दोन्ही एकत्रच ओतले होते. मी हातोडा घेतला. तिसऱ्या घावाला प्लेटचा कान तुटून पडला.

जवळच्या मिस्त्रीकाकांकडे तुकडे घेऊन गेलो. ते रागावले नाहीत. दांडी कशाची आणि प्लेट कशाची, एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर मला येत होतं, पेपरात लिहून मार्कही घेतले होते. हातोडा उचलताना तेवढं आठवलं नव्हतं. अशी जुनी प्लेट नागपूरच्या भंगारात मिळेल, पण चार दिवस लागतील, असं ते म्हणाले.

त्या चार दिवसांत लायब्ररीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र हाताला लागलं. आमच्याकडे धानाच्या बांधीवर पंपावरचं हे नाव मी लहानपणापासून वाचत आलोय. नावामागे एक माणूस आहे, आणि तो माझ्यासारखाच आधी वस्तू उघडून बसायचा, हे तेव्हा कळलं. (फरक इतकाच की त्यांना त्या परत जोडता यायच्या.)

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. शाळेत मन रमलं नाही. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. घरच्यांची नाराजी पत्करून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथे त्यांना कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून मोठा धक्का कुठला? पण रेघेला रंग लागत नाही. त्यांनी रंग सोडले आणि मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवू लागले. डिग्री नव्हतीच. फावल्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळून जे शिकले तेच त्यांचं इंजिनीअरिंग.

याच काळात सायकल आली. किर्लोस्करांचा उद्योगसमूह आपलं वय १८८८ पासून मोजतो, ते याच सायकलच्या धंद्यामुळे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले भाऊ रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. तेव्हा सायकल ही श्रीमंतांची चैन होती. विकायची तर चालवायलाही शिकवावी लागे आणि बिघडली तर दुरुस्तही करून द्यावी लागे. तेव्हाच्या बहुतेक सायकलींना फ्रीव्हील नसायचं, मागचं चाक आणि पेडल एकत्रच फिरायचे. म्हणजे मागचा ब्रेक जाम होण्याचा प्रश्नच नव्हता, स्वाराचे पाय हाच मागचा ब्रेक! पुढे असलाच तर टायरवर दाबला जाणारा, चमच्यासारखा एक लोखंडी तुकडा.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाकडे आले. छोटं वर्कशॉप टाकलं. पहिली वस्तू बनवली ती कडबा कापायचं यंत्र. मला हे फार आवडलं. आम्हाला प्रोजेक्ट करायला सांगितलं की आम्ही रोबोटच्या मागे लागतो. या माणसाने आधी शेजारच्या गोठ्यात काय लागतं ते पाहिलं.

मग नांगर. आपला लाकडी नांगर जमीन चिरतो, पण उलटी करत नाही. लोखंडी नांगराला वळवलेलं पातं असतं, ते खालची माती वर आणतं आणि तण गाडून टाकतं. परदेशी नांगर बाजारात होते, पण अवजार इथल्या मातीला आणि इथल्या शेतकऱ्याला जुळलं पाहिजे, यावर लक्ष्मणराव ठाम होते. त्यांनी नांगर बनवला. गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती! पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं. मी तिसऱ्या घावाला कान तोडला होता.

त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ज्याचं सगळं घर एका जमिनीवर चालतं तो तिच्यात अनोळखी वस्तू का घालेल? आमच्या गावी पहिल्यांदा रोवणीचं यंत्र आलं तेव्हा माझा आजाही बांधीच्या धुऱ्यावरच उभा राहून बघत होता, आत येऊ दिलं नव्हतं. लक्ष्मणरावांनी वाद न घालता वाट पाहिली आणि नांगर सुधारत राहिले, हे मला त्या नांगराइतकंच मोठं वाटतं.

धंदा जरा सरळ होतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी ती जागा खाली करायला सांगितली. कारखाना उचलून न्यायचा कुठे? औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान, आणि त्यात साप. १९१० साली लक्ष्मणराव मूठभर माणसं घेऊन तिथे उतरले आणि किर्लोस्करवाडी वसवली. तिकडे जमशेदपूर उभं राहत होतं तोच हा काळ. पुढे त्या स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळालं.

त्यांच्या माणसांची यादी वाचून मला सगळ्यात जास्त धीर आला, कारण माझ्या दोन विषयांत एटीकेटी आहे. शिक्षणात मागे पडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनीअर झाले. शाळा अर्धवट सोडलेले रामूअण्णा सगळ्या वसाहतीची आखणी आणि व्यवस्था बघत. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं, आणि ते विश्वासाने राहिले. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा नियम त्यांनी त्या काळात घातला.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात परदेशी माल यायचा थांबला आणि नांगरांची मागणी वाढली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, तेच पुढचं ‘किर्लोस्कर’ मासिक. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला, पंप आणि इंजिनं पुढच्या पिढीने वाढवली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

पाचव्या दिवशी प्लेट आली. गंमत म्हणजे तिच्यातही दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची दांडी जाम होऊन बसलेली! या वेळी हातोडा काकांनी लपवूनच ठेवला होता. शूजवरची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसली, फुंकली नाही, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. लिव्हर आणि दांडीवर पंचने समोरासमोर खूण केली. मग रात्रभर रॉकेल आणि डिझेलमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी प्लेट गरम केली. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भोक दांडीपेक्षा जास्त मोठं होतं. हे मी दुसऱ्या सेमिस्टरला पाठ केलं होतं, पाहिलं आत्ता. लिव्हर लावून एक केसभर पुढे, एक केसभर मागे, पुन्हा रॉकेल. दीड तास गेला. मग एक बारीक करकर झाली आणि दांडी फिरली.

दांडी पॉलिश पेपरने साफ केली, ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर येईल इतकंच लावलं, लायनिंगला लागू दिलं नाही. चाक बसवताना एकाने पेडल दाबून धरलं आणि दुसऱ्याने ॲक्सलचा नट आवळला, म्हणजे शूज ड्रमच्या बरोबर मध्ये बसतात.

संध्याकाळी गाडी कुडव्याच्या रस्त्यावर काढली. समोर म्हशी आल्या. पेडल दाबलं, गाडी थांबली, आणि पाय उचलला तसं पेडल वर आलं. म्हशींनी काही लक्ष दिलं नाही. काकांनी प्लेटचे पैसे घेतले, दीड तासाचे घेतले नाहीत, आणि तुटलेला कान माझ्या हातात देऊन टेबलावर ठेवायला सांगितला.