हेन्री फोर्डचे पहिले एंजिन

अमेरिकेतील मिशिगन राज्यात डिअरबॉर्न गावाजवळ विल्यम फोर्ड नावाचा एक शेतकरी राहत असे. आयर्लंडमधून येऊन त्याने स्वतःच्या कष्टाने चांगली शेतीवाडी उभी केली होती. त्याच्या घरी ३० जुलै १८६३ रोजी हेन्रीचा जन्म झाला. हेन्री भावंडांत सर्वांत थोरला. पुढे त्यानेच ही शेती सांभाळावी, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु मुलाचे मन नांगरापेक्षा नांगराच्या खिळ्यांत आणि बिजागरीत अधिक रमे. कुणाचे घड्याळ बंद पडले की तो ते उघडून बसे. हत्यारे विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून खिळा घासून त्याने पेचकस बनविला होता. शाळेत असताना त्याने सवंगड्यांच्या मदतीने कुंपणाशेजारी वाफेवर फिरणारे एक चक्र उभारले. वाफेचा जोर वाढला, चक्र फुटले, मुलांना इजा झाली आणि शाळेचे कुंपण पेटले.

१८७६ साली हेन्रीची आई वारली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात तो वडिलांबरोबर गाडीतून डेट्रॉईटला निघाला होता. वाटेत त्याला एक चमत्कारिक वाहन दिसले. त्याला घोडे जुंपलेले नव्हते. बाष्पक आणि एंजिन यांच्या बळावर ते आपले आपण रस्त्याने चालले होते. हेन्रीचे वय त्या वेळी बारा वर्षांचे होते. वडील काही बोलण्यापूर्वीच त्याने गाडीतून खाली उडी मारली आणि त्या यंत्राच्या चालकाला प्रश्नांवर प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. चालक भला माणूस होता. त्याने मुलाला सर्व काही समजावून सांगितले. घोड्यावाचून चालणारे वाहन हेन्रीच्या मनात जे शिरले, ते पुन्हा कधी बाहेर पडले नाही.

सोळाव्या वर्षी घर सोडून तो डेट्रॉईटच्या एका यंत्रशाळेत उमेदवार म्हणून राहिला. आठवड्याला अडीच डॉलर मजुरी मिळे. पण राहण्याजेवण्याचा खर्च साडेतीन डॉलर येई! ही तूट भरून काढण्यासाठी तो रात्री एका जवाहिऱ्याकडे घड्याळे दुरुस्त करी. पुढे त्याने जहाजांची एंजिने बनविणाऱ्या कारखान्यात काम केले. नंतर काही वर्षे तो गावी परतला. तेथे शेतकऱ्यांची वाफेची एंजिने चालवून व दुरुस्त करून त्याने त्यांची नस अन् नस ओळखली. मात्र या अनुभवातूनच त्याचा वाफेवरचा विश्वास उडाला. हलक्या गाडीवर जड बाष्पक चढविणे परवडत नाही, आणि दाबाखालील वाफेच्या शेजारी बसून प्रवास करणे धोक्याचे असते, असे त्याचे मत झाले.

मग दुसरे साधन कोणते? युरोपात त्या सुमारास नव्या प्रकारची एंजिने निघाली होती. वाफेच्या एंजिनात आग बाहेर, बाष्पकाखाली जळते. या एंजिनांत ती नळकांड्याच्या आतच, क्षणभर पेटते. नळकांड्यात हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण ओढून घ्यायचे, दट्ट्याने ते दाबायचे आणि नेमक्या क्षणी त्यात विजेची ठिणगी पाडायची. मिश्रणाचा भडका उडतो, दट्ट्या जोराने ढकलला जातो आणि त्याला जोडलेले चाक फिरू लागते. हे वर्णन करणे सोपे आहे. परंतु ठिणगी क्षणभर लवकर वा उशिरा पडली, तरी सारा खेळ फसतो.

१८८८ साली हेन्रीचा क्लॅरा ब्रायंट या तरुणीशी विवाह झाला होता. एका संध्याकाळी त्याने गाण्याच्या स्वरलिपीच्या कागदाच्या पाठीवर अशा एंजिनाची आकृती काढून पत्नीला दाखविली. त्याची अडचण एकच होती. त्याला विजेचे ज्ञान नव्हते, आणि ते डेट्रॉईटला गेल्यावाचून मिळणार नव्हते. क्लॅराने स्वतःचे नवे घर, अंगण, आप्तजन यांचा निरोप घेतला आणि १८९१ साली ती पतीबरोबर शहरात आली. हेन्री एडिसन कंपनीच्या वीजघरात रात्रपाळीचा यंत्रज्ञ झाला. ठिणगी समजून घेण्यासाठी माणसाने संसारच हलवावा, ही गोष्ट लहान नव्हे. आणि त्यात क्लॅराचा वाटा हेन्रीइतकाच मोठा होता.

फुरसत मिळेल तेव्हा तो एंजिनाचे भाग जमवू लागला. एक इंच पोकळीची लोखंडी गॅसची नळी मिळाली, तिचे त्याने नळकांडे केले. जुन्या लेथचे हाताने फिरविण्याचे चाक मिळाले, त्याचे गतिचक्र झाले. दट्ट्या त्याने स्वतः घडविला. ठिणगी पाडण्यासाठी आजच्यासारखा स्पार्क प्लग नव्हता. तंतुमय पदार्थाच्या तुकड्यातून एक तार ओवून त्याने तेही काम भागविले. हे सारे सुटे भाग जोडून त्याने एका लाकडी फळीवर पक्के बसविले.

या फळीचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एंजिन तयार करून ते सरळ गाडीत बसविले आणि गाडी चालली नाही, तर दोष कोठे शोधावा? ठिणगी पडत नाही, झडप चुकीच्या वेळी उघडते, की चाकाची साखळी अडकते? शंभर कारणे संभवतात. म्हणून जाणता कारागीर एंजिन प्रथम एखाद्या अचल आधारावर आवळून बसवितो व तेथेच चालवून पाहतो. अशा आधाराला चाचणीची बैठक म्हणता येईल. बैठक भक्कम लागते, कारण एका नळकांड्याचे एंजिन चालू झाले म्हणजे अतिशय हादरे देते. नीट आवळले नाही, तर ते फळीसकट उड्या मारीत सुटेल.

हेन्रीची बैठक त्याच्या स्वयंपाकघरात होती. तो दिवस होता २४ डिसेंबर १८९३, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवसाचा. दुसऱ्या दिवशीच्या मेजवानीच्या तयारीत क्लॅरा गढून गेली होती. शेजारच्या खोलीत त्यांचा सात आठवड्यांचा मुलगा एड्सेल झोपला होता. अशा वेळी हेन्री ती फळी घेऊन आत आला आणि भांडी धुण्याच्या सिंकच्या कडेला त्याने ती घट्ट आवळली. ठिणगीसाठी लागणारी वीज त्याने छतावरील दिव्याच्या तारेतून घेतली. परंतु एकट्याच्या हातून हे काम होण्यासारखे नव्हते. एका हाताने चाक फिरवायचे, दुसऱ्याने तारा सांभाळायच्या. मग पेट्रोल कोण सोडणार? त्याने क्लॅराला हाक मारली. हातातले काम बाजूला ठेवून ती आली. तेल सोडण्याच्या छोट्या वाटीत पेट्रोल होते. वाटीचा स्क्रू हळूच फिरवून पेट्रोल थेंबाथेंबाने सोडायचे, हे तिचे काम ठरले.

हेन्रीने चाक फिरविले. एंजिन खोकल्यासारखा आवाज करून थांबले. त्याने काही जुळवाजुळव केली आणि चाकाला पुन्हा गती दिली. या वेळी मात्र भडका उडाला. चाक आपले आपण गरगरू लागले. धूर बाहेर टाकणाऱ्या तोंडातून ज्वाळा निघू लागल्या, सिंक थरथरू लागले, खोली आवाजाने भरून गेली. थोडा वेळ एंजिन चालू ठेवून हेन्रीने ते बंद केले. त्याला हवे ते उत्तर मिळाले होते. त्या एंजिनात शिवणयंत्र ओढण्याचेही बळ नसेल. परंतु ठिणगी, झडप आणि पेट्रोल यांचा मेळ बसतो, एवढेच त्याला पाहायचे होते.

हा प्रयोग जितका रम्य, तितकाच धोक्याचा होता, हेही सांगितले पाहिजे. उघडे पेट्रोल आणि ज्वाळा एका खोलीत असणे म्हणजे आगीला आमंत्रणच. शिवाय एंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद खोलीत तो माणसाचा प्राण घेतो. आज एंजिनाच्या चाचणीची जागा मोकळी ठेवतात किंवा तिचा धूर नळीवाटे बाहेर सोडतात. फोर्ड दांपत्याच्या धैर्याइतकेच त्यांचे दैवही त्या रात्री बलवत्तर होते.

ते एंजिन हेन्रीने पुढे गाडीत बसविले नाही. त्याचे काम संपले होते. घराच्या मागच्या बाजूला विटांची एक खोली होती. तिच्यात त्याने दोन नळकांड्यांच्या मोठ्या एंजिनाचे काम सुरू केले. एका शेजारी वृद्धाने त्या खोलीतील आपला कोळशाचा साठा हलवून त्याला जागा मोकळी करून दिली. वीजघरातील दोन-चार मित्र रात्री मदतीला येत. दोन वर्षांहून अधिक काळ हे काम चालले होते. मध्यंतरी, ६ मार्च १८९६ रोजी, चार्ल्स किंग या यंत्रज्ञाने डेट्रॉईटच्या रस्त्यावरून पहिली पेट्रोलगाडी चालविली. हेन्री सायकलवरून तिच्या मागोमाग गेला. आपला मान दुसऱ्याने पटकाविला म्हणून तो खट्टू झाला नाही.

४ जून १८९६ रोजी उजाडण्यापूर्वी त्याची गाडी तयार झाली. सायकलची चार चाके, सुमारे चार अश्वशक्तीचे एंजिन, आणि सर्व मिळून वजन अवघे पाचशे पौंड. मागे जाण्याची सोय तिच्यात नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. गाडी बाहेर काढावयास जावे, तो दाराची चौकट गाडीपेक्षा अरुंद! एंजिनाची इतकी काटेकोर परीक्षा घेणाऱ्या या माणसाने दाराचे माप घेतलेच नव्हते. त्याने कुऱ्हाड उचलली, भिंतीच्या विटा पाडल्या आणि गाडी बाहेर आणली. एक मित्र सायकलवरून पुढे निघाला, कारण वाटेत कुणाची घोडागाडी आली तर तिला आधी सावध करावयास हवे होते. क्लॅरा अंगणात उभी राहून पाहत होती. वाटेत गाडी एकदा बंद पडली, पण दुरुस्त होऊन ती परत घरी आली.

यानंतरची हकीकत जगाला ठाऊक आहे. त्याची पहिली कंपनी बुडाली. १९०३ साली फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली. १९०८ साली तिने मॉडेल टी ही गाडी काढली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या विकल्या. कामगार जागच्या जागी उभा राहील आणि काम त्याच्यापुढे सरकत येईल, अशी व्यवस्था कारखान्यात १९१३ मध्ये झाली. त्यामुळे गाडीची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. १९१४ साली त्याने कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले, तेव्हा इतर कारखानदार चकित झाले.

परंतु वैभवाबरोबर त्याचा हट्टही वाढला. नव्या गाड्या पुढे निघून गेल्या, तरी मॉडेल टी बदलावयास तो बरीच वर्षे तयार होईना. त्याच्या मालकीच्या वृत्तपत्रातून १९२० पासून ज्यू लोकांविरुद्ध खोटा व विषारी मजकूर छापला गेला. १९२७ साली त्याला जाहीर क्षमा मागावी लागली, पण तोपर्यंत पुष्कळ हानी होऊन गेली होती. कोणतेही एंजिन चालवून पाहिल्यावाचून त्याने खरे मानले नाही. स्वतःची मते मात्र त्याने अशा कोणत्याही बैठकीवर आवळून तपासली नाहीत.

यंत्राजवळ मात्र तो अखेरपर्यंत जुना हेन्रीच राहिला. १९३१ च्या सुमारास, अडुसष्ट वर्षांचा असताना, आठ नळकांड्यांचे स्वस्त एंजिन बनविण्याचे त्याने मनात घेतले. अशी एंजिने तेव्हा महागड्या गाड्यांत असत. त्याचे कारखाने प्रचंड होते, पण या कामासाठी त्याने एडिसनची एक जुनी लाकडी प्रयोगशाळा निवडली. ती फ्लॉरिडातून उचलून आणून त्याने डिअरबॉर्नला पुन्हा उभारली होती. तेथे दोन-तीन विश्वासू यंत्रज्ञांनी गुप्तपणे काम केले. आठही नळकांडी एकाच ओतीव ठोकळ्यात साधावयाची होती. ओतकामात ठोकळ्यांमागून ठोकळे फुकट गेले, परंतु हेन्री मागे हटला नाही. एव्हाना चाचणीच्या बैठकाही सुधारल्या होत्या. एंजिन चालते की नाही एवढेच त्या पाहत नसत. फिरत्या दांड्याला ब्रेक लावून त्याच्यावर ओझे टाकायचे, ब्रेकला जोडलेला दांडा काट्यावर किती जोराने दाबतो ते पाहायचे आणि फेरे मोजायचे. या दोन आकड्यांवरून एंजिनाची शक्ती काढता येते. १९३२ साली बाजारात आलेल्या त्या एंजिनाची शक्ती पासष्ट अश्वशक्ती भरली. सिंकवर आवळलेले एक इंची एंजिन हेन्रीने जपून ठेवले होते. डिअरबॉर्न येथे त्याने उभारलेल्या वस्तुसंग्रहालयात ते आहे.

शेजारच्या खोलीत झोपलेला एड्सेल मोठा होऊन कंपनीचा अध्यक्ष झाला. पण १९४३ साली, वडिलांच्या आधीच, तो मरण पावला. त्या दुःखातून हेन्री सावरला नाही. १९४७ च्या एप्रिल महिन्यात त्याच्या घराशेजारच्या रूज नदीला पूर आला. घराला वीज पुरविणारे यंत्रघर पाण्यामुळे बंद पडले, दूरध्वनीही तुटला. ७ एप्रिलच्या रात्री मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे लावून घरात उजेड केला होता. त्या उजेडात, त्र्याऐंशी वर्षांच्या हेन्रीने प्राण सोडला. क्लॅरा त्याच्या उशाशी होती.