दोन विद्यापीठे आणि एक बडोदे

बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची नावे आपण तोंडपाठ म्हणतो, आणि एक संपली की दुसरी, अशा क्रमाने त्या मिळाल्या असाव्यात असे धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. न्यूयॉर्क आणि लंडन येथील दोन विद्यापीठांचा अभ्यास त्यांच्या डोक्यावर कित्येक वर्षे एकाच वेळी होता.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, हा करार. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. झाली. पीएच. डी. पदरात पडण्यापूर्वीच १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, आणि जोडीला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही! शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून १९१७ साली सर्व अर्ध्यावर टाकून परतावे लागले. ग्रंथ दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट पाणबुडीने बुडविली.

पुढची हकीकत आपल्या गावची आहे. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, पण राहावयास जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या मंडळींनी त्यांना तेथून बाहेर काढले. त्या साली आपले सगळे वाडे भरलेले होते, असे मला म्हणवत नाही. सयाजीबागेतील त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. आपल्या जुन्या घरांतून शिष्यवृत्तीची गोष्ट अभिमानाने सांगतात; ही मात्र मी क्वचितच ऐकली.

मग मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसर, शाहू महाराजांचे साहाय्य, आणि १९२० साली पुन्हा लंडन. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टरी. मध्येच जर्मनीत बॉन विद्यापीठातही ते जाऊन आले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तो सुधारून १९२३ साली डी. एस्सी. मिळविली.

कोलंबियाचे काम मात्र राहिलेच होते. प्रबंध छापून प्रती दिल्याखेरीज पीएच. डी. देत नसत. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ साली लंडनला छापला गेला आणि पदवी आली १९२७ साली. आधी हाती घेतलेली, सर्वांत शेवटी मिळालेली. बडोद्याने छप्पर नाकारल्यानंतर आठ वर्षांनी निघालेला हा ग्रंथ त्यांनी अर्पण केला आहे तो सयाजीराव महाराजांना.