गांधीजींना न सापडलेलं वनस्पतिजन्य दूध

छत्रपती संभाजीनगरला लहान मुलांच्या ओपीडीत हल्ली पालक विचारतात: बाळाला गाईच्या दुधाऐवजी बदामाचं किंवा सोयाचं दूध दिलं तर चालेल का? पाकिटं नवी आहेत, प्रश्न जुना आहे. महात्मा गांधींनी याचं उत्तर अनेक वर्षं स्वतःच्या शरीरावर शोधलं.

1902 मध्ये गांधीजी मुंबईत गिरगावात राहत होते. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वर आणि न्यूमोनियाने आजारी पडला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप सुचवलं. गांधीजींनी ते नाकारलं, पाण्याचे उपचार केले, संत्र्याचा रस दिला. (आज हे धाडस कुणी करू नये, विषमज्वरावर आता प्रभावी प्रतिजैविकं आहेत.) ताप उतरू लागल्यावर चाळीस दिवस मुलाचा आहार होता पाणी घातलेलं दूध आणि फळांचे रस. तेव्हा दूध त्यांना वर्ज्य नव्हतं.

ते सोडलं 1912 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर. ब्रह्मचर्याचा विचार एक कारण होतं, गाई-म्हशींवरचे अत्याचार दुसरं. 1914 मध्ये लंडनला त्यांना प्लुरसी झाली. डॉक्टरांचं ऐका म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आग्रह धरला, तरी दूध घेतलं नाही.

खरी परीक्षा 1918 मध्ये झाली. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू असा होता. तिथे त्यांना आमांश झाला आणि ते अंथरुणाला खिळले. वैद्य, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांच्याकडे त्यांनी दुधाला पर्याय मागितला. कुणी मुगाचं पाणी सांगितलं, कुणी मोहाचं तेल, कुणी बदामाचं दूध. सगळं करून पाहिलं, ताकद येईना. माथेरानचा मुक्कामही मानवला नाही. शेवटी मुंबईत, गुदद्वाराच्या जखमांवर शस्त्रक्रिया करण्याआधी, डॉ. दलालांनी दूध घ्यावंच लागेल असं बजावलं. व्रत आड येत होतं. कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग बकरीचं दूध का नको? गांधीजींनी ते घेतलं. आपण व्रताचा शब्द पाळला, आत्मा नाही, ही खंत मात्र त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली.

1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं. वनस्पतिसृष्टीत दुधाची जागा घेणारं काहीतरी असेलच, ही आशा त्यांनी सोडली नव्हती. तरी दुधाशिवायचा शुद्ध शाकाहार पुरेसा ठरत नाही, हा स्वतःचा अनुभव त्यांनी प्रामाणिकपणे मांडला. डॉक्टर म्हणून मला ही कबुली त्यांच्या व्रताहून मोठी वाटते.

शेंगदाण्यात आणि बदामात बी12 जीवनसत्त्व नसतं. ते शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं 1948 मध्ये, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी. त्यांच्या डॉक्टरांना ते माहीत असणं शक्यच नव्हतं.

प्रौढ माणूस स्वतःवर प्रयोग करू शकतो. वाढत्या बाळाच्या बाबतीत तशी मोकळीक नाही. पहिल्या वर्षात मुख्य पेय म्हणून आईचं दूध, ते शक्य नसेल तर फॉर्म्युला, एवढंच. बदाम, तांदूळ, ओट्स किंवा नारळाचं दूध त्या जागी देऊ नका. 100 मिली गाईच्या दुधात सुमारे 3 ग्रॅम प्रथिनं आणि 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं; बाजारातल्या बदामाच्या दुधात प्रथिनं बहुधा एक ग्रॅमही नसतात. वर्षानंतर गाईचं दूध टाळायचंच असेल, तर कॅल्शियम आणि बी12 घातलेलं, बिनसाखरेचं सोया दूध त्यातल्या त्यात जवळचं.

आणि गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर कस्तुरबांची युक्ती वापरू नका. बकरीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की अशा बहुतेक मुलांना त्याचाही त्रास होतो. अशा बाळाला कोणता खास फॉर्म्युला द्यायचा, हे त्याचं वजन आणि वाढीचा तक्ता पाहून बालरोगतज्ज्ञच ठरवतील.